त्याच्या नावावरचा होकार

घरात नाही म्हटलं ना. — नाही, आतही नाही. तो उजेड कॉम्प्युटरचा आहे, माणसाचा नाही. बसा. एवढ्या लांबून भांडायला आलात, उभ्याउभ्या काय भांडणार. आणि माझ्या मुलावर ओरडायचं तर माझ्यावर ओरडा, मी बाप आहे त्याचा, बसलोय इथं. — ही पाणी ठेवेल. बोलणार नाही. मनाला लावून घेऊ नका, ती हल्ली कुणाशीच फार बोलत नाही.

हां, बोला. — समजतं मला, समजतं. बॉयलरवर नोकरी केली मी, शाळा चौथीपर्यंत, पण कान शाबूत आहेत. दवाखान्यात कॉम्प्युटरवर एक्स-रे बघतात, त्याचं ते सॉफ्टवेअर. यानं सुरू केलं, तुम्ही दहा ठिकाणच्यांनी हातभार लावला आणि सगळ्यांना फुकट दिलं. अट एकच, जो त्यात सुधारणा करेल त्यानं ती सुधारणाही सगळ्यांना उघडी ठेवायची. त्यालाच लायसन्स म्हणता ना? मी विचारलं होतं त्याला, फुकटच वाटायचं तर वर अट कशाला रे. तर म्हणाला, बाबा, अट नसली तर एखादी कंपनी उचलेल, रंग लावेल, कुलूप घालेल आणि त्याच दवाखान्यांना विकेल. पटलं मला. दिलेल्या वस्तूला तिसऱ्यानं कुलूप लावायचं म्हणजे काय. — काय? तीच अट काढली? कुणी? — तिघांचा होकार लागतो, बरं. दोघे कंपनीच्या पगारावर गेले, त्यांनी दिला. आणि तिसरा —

नाही. तो देणार नाही. — दाखवा इकडे. मला इंग्रजी येत नाही, पण त्याचं नाव ओळखतो, अक्षरांच्या ठेवणीवरून. — हो. त्याचंच. — कधीचं म्हणालात? — या उन्हाळ्यातलं?

पाणी प्या तुम्ही आधी.

तो गेला, बाई. — बाहेरगावी नाही. गेला. या उन्हाळ्याच्या कितीतरी आधी. छातीचं दुखणं. डॉक्टरनं कॉम्प्युटरवर त्याचाच एक्स-रे उघडला, त्यानंच केलेल्या त्या सॉफ्टवेअरमध्ये — डॉक्टर बिचारा फुफ्फुसावरचा डाग दाखवतोय आणि हा काय बघतोय, तर म्हणतो, हे बटण या कोपऱ्यात कुणी नेलं? डॉक्टरला वाटलं पोराला धक्का बसलाय. मी ओळखलं, त्याला खरंच बटणाचा राग आला होता. — कळवायचं कुणाला? तुमची नावं कुठं ठाऊक मला. तुम्ही कधी दारात आला नाहीत, तो कधी तुमच्याकडे गेला नाही, आणि म्हणता वर्षानुवर्षं एकत्र काम केलं. — मास्तर म्हणायचात? त्याला? मला नाही बोलला कधी. चौथी शिकलेल्याचा पोरगा, आणि मास्तर.

मग ती अट निघाली तशा तुम्ही बाहेर पडलात. सगळं काम बरोबर घेऊन वेगळी चूल मांडलीत. — फोर्क, बरं, फोर्क म्हणा. पण निघताना त्याला काय काय म्हणालात? वाचा. मराठीत सांगा. — विकला गेला. — पुढे. — आमच्या जिवावर मोठा झाला आणि कंपनीच्या दारात जाऊन बसला. — हे तुम्ही लिहिलंत? — मान वर करा. मी रागावलेलो नाही. पण मला एक सांगा, इतके महिने तो तुमच्याशी एक अक्षर बोलला नाही, येईल त्याला नुसतं हो, हो, तुम्हाला नवल नाही वाटलं? — घुम्यासारखा वागतोय वाटलं. हं. तेही खोटं नाही. बापावर गेला होता.

आता विचारा ना, गेलेला माणूस हो कसा म्हणतो. मघापासून त्या खोलीकडे बघताय. — कुणी येत नाही तिथे. ही तर उंबरा ओलांडत नाही. मशीन आपलं चालू असतं. — आपोआप नाही, बटण दाबावं लागतं. — खाटेवरून सांगितलं होतं त्यानं. बाबा, घरचं मशीन बंद करू नका. ते दोघे तपासून काम पाठवतात, समोर एक चौकट उघडते, हो की नाही विचारते, हो वर खूण असतेच, तुम्ही फक्त कीबोर्डवरचं मोठं बटण दाबा, मी आलो की बघतो. मी आलो की बघतो म्हणाला. — बॉयलरवर पाळी संपली तरी पुढचा माणूस आल्याशिवाय जागा सोडता येत नाही. मी कधी सोडली नाही. इथं मला सोडवायला कुणी आलंच नाही. मग बसतो सकाळी आंघोळ करून. चौकट आली की दाबतो. आत काय लिहिलंय ते मला कुठलं कळतंय? मी तपासायला बसलो नव्हतो, विझू नये म्हणून बसलो होतो.

पहिल्यांदा दाबलं ना, तेव्हा आवाज ऐकून ही हातातलं टाकून धावत आली. दारात थबकली. मला बघितलं, म्हणाली, तुम्ही होय. आणि गेली परत. आता रोज त्या वेळेला भिंतीपलीकडे पाठ टेकून भाजी निवडत बसते. तिला माहीत आहे कोण बसलंय. तरी बसते. मग एखाद्या दिवशी चौकट आली नाही तरी मी दाबतो — पाचसहा बटणं, भराभर, त्याच्या बोटांना असायची तशी घाई करून. — हे कशाला सांगतोय मी तुम्हाला.

तर आता काय म्हणता? — तो आधीच गेला होता असं सगळ्यांना कळलं की होकार रद्द, अट परत. — आणि त्याचं नाव? — त्या तिघांतून काढणार. मशीनवर काही येणार नाही मग. एकही चौकट नाही. — आणि नाही सांगितलं तर? — तर कुलूप. आणि तो विकला गेलेला.

हळू बोला. आत ऐकू जातं.

— लिहा. फोनवरच, माझ्यासमोर. हो म्हणणारा तो नव्हता, त्याचा बाप होता. — चुकून बिकून दाबलं असं घालू नका. सांत्वन नको मला. बापानं दाबलं, न वाचता, एवढंच. आणि जिथं तुम्ही त्याला शिव्या घातल्यात तिथंच लिहा, त्याच लोकांसमोर. — रडायचं नंतर रडा, पोरी, आधी लिही.

झालं? बघू. हे त्याचं नाव. आणि पुढचं? — गेला, असं लिहिलंय. एवढुसंच असतं होय इंग्रजीत.

उठा आता. तुमचं काम झालं. मशीन मी बंद करीन, पण आधी हिला सांगायला हवं की उद्यापासून आवाज येणार नाही, आणि ते तुमच्यासमोर नाही सांगायचं मला. — नाही, थांबून काय करणार. जाताना दार ओढून घ्या.