होडीचा विटाळ

गोराईचा धक्का, बोरिवलीकडे जाणाऱ्या तरीची, म्हणजे फेरीबोटीची, रांग. माझ्या पुढे एक कोळीण आणि बोंबलांची पाटी घेऊन आलेला होडीवाला.

"कमळ, पाटी उचल की. तरी येतेय."

"नाय उचलणार. आधी सांग महादू, माझ्या लेकीला, माणिकला कळा लागल्या की तुझ्या होडीतून दवाखान्यात नेशील?"

"किती वेळा सांगू? अडलेली बाई बसली की होडीला विटाळ होतो. जाळ्यात मासळी येत नाय."

"सखुबाईची सून याच धक्क्यावर तरीची वाट बघत कळांनी मेली. तुझी होडी तेव्हा इथंच बांधलेली."

"तिचं नशीब."

"नशीब कसलं! दोरी सोडली नाय तू."

"तोंड सांभाळ हां!"

"ऐक. काल साऱ्या बाया देवळापुढं बसलो. ठरलं. ज्या होडीला बाईचा विटाळ, तिची मासळी बाई शिवणार नाय."

"मग विकणार कोण?"

"तू. घे पाटी डोक्यावर. बोरिवलीत दारोदार ओरड, बोंबील घ्या बोंबील!"

"लोक हसतील गं!"

"हसू देत. आमचं रडून झालंय."

"माझी बायको विकेल."

"तीच तर पहिली उठून बोलली."

"माझी बायको? देवळापुढं?"

"तरी लागली बघ. उचल."

"थांब. कळा लागल्या की हाक मार. सोडतो होडी."

"एकट्या माणिकसाठी नाय. गावातल्या हरेक बाईसाठी."

"बरं, हरेक बाईसाठी. आणि जाळं रिकामं आलं तर?"

"तर माझ्या नावानं बोंब मार. ऐकायला माणिक जिवंत असेल."