खडकाची खरी उंची

आजच्या समारंभाचे सन्माननीय अध्यक्ष, संस्थेचे विश्वस्त, व्यासपीठावर बसलेले मुख्याध्यापक, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो आहोत ते श्री. सखाराम वारंगे, त्यांच्या सौभाग्यवती बायजाताई, शिक्षक बंधुभगिनी, पालकहो, आणि मागच्या दोन रांगांत मघापासून कुजबुजणाऱ्या सातवीच्या मुलींनो, आता गप्प बसा. तुमच्याविषयीच बोलायचं आहे.

मी या शाळेत एकतीस वर्षं होते, त्यातली अकरा वर्षं मुख्याध्यापिका. निवृत्त झाल्यापासून पेणला असते. आज सकाळच्या एसटीने नागोठण्यावरून आले. भाषण करायची मला कधी भीती वाटली नाही. आज वाटते आहे.  

दहा दिवसांपूर्वी निमंत्रणपत्रिका आली. छान छापली आहे. शेवटी एक ओळ आहे: ‘श्री. वारंगे यांच्या चित्रपटप्रेमाचा गौरव म्हणून येत्या रविवारी सातवीच्या बेचाळीस विद्यार्थिनींची ‘पाणी चढलं’च्या चित्रीकरणस्थळी सहल.’ ती ओळ वाचल्यापासून माझं जेवणात लक्ष नाही. का, ते सांगायलाच मी उभी आहे. पण रीतीप्रमाणे आधी सत्कारमूर्तींबद्दल बोलते.

सखाराम आमच्या प्रयोगशाळेचा परिचर. चाळीस वर्षांपूर्वी आपल्या कुंडलिकेत त्या चित्रपटाचं चित्रीकरण झालं, तेव्हा हा वीस वर्षांचा होता. घरचं भाताचं मळणीचं काम टाकून चारही दिवस नदीवर बसून राहिला. बापाचा मार खाल्ला. पण तेव्हापासून तो चित्रपट कसा बनला हे याच्याइतकं कुणाला ठाऊक नाही. चंचुपात्र गरम होईपर्यंत मुली याच्याभोवती. पाऊस कुठून आणला? अग्निशामक बंबातून. वीज कशी चमकली? पत्र्याच्या आड वेल्डिंग करणारा बसवून. नायिकेला पोहता येत होतं का? छे, ती टाकीत रडली, मुंबईला. मी दारात उभी राहून म्हणायचे, “सखाराम, परीक्षेत हे विचारणार नाहीत.” आणि तो म्हणायचा, “नाय विचारत म्हणूनच सांगतो, बाई.”

हसलात. बरं झालं. आता ऐका.

तुम्ही सर्वांनी तो चित्रपट पाहिला आहे. शेवट कुणाला माहीत नाही? नदी चढते, नायिका मधल्या खडकावर चढून बसते, रात्रभर पाणी तिच्या पायांशी येऊन थांबतं आणि उजाडल्यावर तिला उतरवून घेतात. रोह्यात मूल बोलायला लागलं की त्याला पलीकडचा तो खडक दाखवतात, तोही पाणी उतरलेलं असताना, लांबून. बरोबर?

कुंडलिकेचं वागणं आपल्याला नवं नाही. वरती वीज तयार झाली की ते पाणी खाली येतं. पाऊस नसला तरी नदी चढते आणि मग उतरते. चित्रपटवाल्यांनी त्याचाच उपयोग केला. काठावर फलक आहे, पाण्याची पातळी कधीही वाढू शकते. डिसेंबर २००३मध्ये मी गाइड पथकाच्या आठवीच्या आठ मुली घेऊन तिथे गेले तेव्हाही तो होता. मी तो वाचला. पण ‘कधीही’ हा शब्द माझ्या वेळापत्रकात बसत नव्हता. आदले दोन दिवस पाणी अकराला आलं होतं, म्हणून मी साडेदहापर्यंतचा कार्यक्रम आखला. चहाची भांडी उचलायला सखाराम बरोबर होता.

पाणी साडेनऊला आलं.

आवाज होत नाही हो. चित्रपटात होतो. आम्ही खडकाजवळच्या गोट्यांवर होतो. काठापर्यंत यायला जो ओहळ घोट्याएवढा होता तो पाहता पाहता गुडघ्याला आला. मी शिट्टी फुंकली आणि हुकूम दिला, “सगळ्या खडकावर चढा!” मुली लगेच चढायला लागल्या. माझ्या मुली माझं ऐकायच्या.

सखाराम ओरडला, “बाई, नाय चढवायचं पोरींना वर!”

मी म्हटलं, “गप्प बस. नायिका रात्रभर बसली होती तिथे.”

“नायिका पिलास्टरवर बसली होती, बाई! ह्यो खडक बुडतो. रोज बुडायचा!”

मी म्हटलं, “तुझा सिनेमा शाळेत सांग.”

हे माझेच शब्द आहेत, अध्यक्ष महोदय. मी वाद घातला. शिस्तीचा वाद. आणि आम्ही वाद घालत होतो तेव्हा पाणी थांबलेलं नव्हतं.

त्याने माझं ऐकलं नाही. सोळा वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदा. मुलींना पायाला धरून खाली ओढलं. त्यांच्या ओढण्या काढून गाठी मारल्या, एक टोक मोठ्या मुलीच्या हातात दिलं, दुसरं घेऊन स्वतः काठाच्या करंजापर्यंत गेला आणि बांधून परत मध्ये येऊन उभा राहिला. “बघू नका गो पाण्याकडं. माझ्याकडं बघा. गाणं म्हणा.” एकेक मुलगी त्याच्या अंगावरून पलीकडे गेली. सर्वांत लहान चणीची होती तिच्या पोटाला पाणी लागलं. मी शेवटची. करंजाला हात लागला तेव्हा मागे वळून पाहिलं. खडक नव्हता.

मुली थरथरत होत्या. आणि मी, तुमच्या या कडक शिस्तीच्या बाईंनी, काय केलं? घड्याळ पाहिलं आणि म्हणाले, “शाबास. हा आपत्कालीन सराव होता. मुद्दाम सांगितला नव्हता. तुम्ही सर्व उत्तीर्ण.” मुलींनी टाळ्या वाजवल्या. मग सखारामला बाजूला घेऊन सांगितलं, “यातला शब्द बाहेर जाता कामा नये. प्लास्टरचासुद्धा नाही. एक धागा ओढला की सगळं उसवेल.” तो गोणपाटाने पाय पुसत होता. म्हणाला, “बरं, बाई.”

भीती मला नदीत वाटली नाही. वेळच नव्हता. ती वाटली दुसऱ्या रविवारी, पेणजवळच्या जोह्याला. सखारामचं म्हणणं खरं की खोटं याची शहानिशा केल्याशिवाय मला चैन पडेना. म्हणजे तोपर्यंतही मी त्याच्यावर विश्वास ठेवला नव्हता, हे लक्षात घ्या. गणपतीच्या कारखान्यांत विचारत विचारत काळुराम नावाच्या मूर्तिकाराकडे पोचले.

“शिनेमाचा खडक ना?” तो म्हणाला. “हाय की. मागं हाय. त्याच्यावर मूर्ती सुकवतो आम्ही.”

काथ्या आणि बांबू घालून केलेला प्लास्टरचा पोकळ डोंगर. काळा रंग, वर शेवाळ म्हणून हिरवा भुसा, पायथ्याशी खऱ्या खडकाच्या माथ्यावर तारेने बांधायची भोकं. मी विचारलं, “पाणी कुठवर यायचं?” त्याने पोपडे निघालेली एक रेघ दाखवली. “हितवर. खालचा दगड पार जायचा. आमचा डोंगर होता म्हनून बाई वाचली.” आणि खो खो हसला. मी त्या डोंगराशेजारी उभी राहिले. रेघ माझ्या कमरेच्या वर होती. मग मी हाताने त्या सर्वांत लहान मुलीची उंची धरून पाहिली. रेघ तिच्या छातीशी आली. गुळगुळीत दगडावर, वाहत्या पाण्यात, छातीशी, आणि चढून बसायचा हुकूम माझा. मला तिथल्या ओल्या मूर्तींमध्ये खाली बसावं लागलं. “उन्हाचं झालं काय, बाय?” म्हणून काळुरामने पाणी आणून दिलं. 

तरीही मी गप्प राहिले. बावीस वर्षं.

आणि सखाराम? त्या चित्रपटाचं सगळं सांगत राहिला. बंब, पत्रा, वेल्डिंग, टाकी. एक खडक सोडून. कारण मी सांगितलं होतं. आज या सभागृहातले सगळे जण तो खडक उंच आहे असं समजतात ते माझ्यामुळे.

पत्रिका आली त्या दिवशी मी त्याला फोन केला. “सखाराम, तू काहीच बोलला नाहीस?” तो म्हणाला, “तुमचं नाव जाईल, बाई. मी जातोय ना संगती. दोर घेतलाय नवा.” साठ वर्षांचा माणूस, बेचाळीस मुली आणि एक दोर!

मग सहलीच्या प्रमुख शिक्षिकेला फोन केला. ती म्हणाली, “बाई, काळजी नको. पाणी आलंच तर खडकावर चढवीन. तुम्हीच तर आमच्या सरावात शिट्टी फुंकून तोच हुकूम दिला होता.”  खरं काय झालं ते फोनवर सांगण्यासारखं नव्हतं. मी फोन ठेवला.

ती शिक्षिका तिसऱ्या रांगेत बसली आहे. आठ जणींतली सर्वांत लहान चणीची. निशिगंधा, उठू नकोस, बसून ऐक. तो सराव नव्हता. मी तुला मरायला वर चढवत होते आणि या माणसाने तुझा पाय धरून तुला खाली ओढलं. त्या दिवशी तू रडत घरी गेलीस, सखारामकाकांनी पाय मुरगाळला म्हणून. तुझे वडील तक्रार घेऊन आले. मी सखारामला लेखी समज दिली. ती त्याच्या सेवापुस्तकात आजही आहे, आणि त्याने खाली सही केली आहे.

पालकहो, तुम्ही संमतीपत्रं दिली आहेत. ती परत मागा. त्याचा सखारामला राग येणार नाही. त्याचा गौरव करायचा असेल तर त्याला इथे या मंचावर खुर्ची द्या आणि चित्रपट कसा बनला ते पहिल्यापासून विचारा. आज त्याच्यावर कसलीही बंदी नाही. ती मी सर्वांदेखत उठवते आहे.

मुख्याध्यापकांनी मला बोलावलं, संस्थेने आजही माझा मान ठेवला, सभागृहाने मध्ये न उठता ऐकून घेतलं, त्याबद्दल मी ऋणी आहे. समारंभाच्या दिवशी जे बोलू नये ते बोलले. शब्द टोचले असतील तर म्हातारीचे म्हणून सोडून द्या. सखाराम, बायजाताई, तुमची क्षमा मी इथे मागणार नाही. ती तुमच्या घरी येऊन मागेन.

वक्त्याने आभार मानून खाली बसायचं असतं, ते मला कळतं. पण अध्यक्ष महोदय, रविवारची सहल रद्द झाली असं आपण ध्वनिक्षेपकावर सांगितल्याशिवाय मला बसता येणार नाही. मी उभी आहे.