पक्षाचा कागद

मतदान करून बाहेर पडलेली माणसं शाळेच्या दारात भट्टीवर भाजलेल्या, पावातल्या सॉसेजसाठी रांगेत उभी होती. टेगनही टोपी डोळ्यांवर ओढून उभी होती. गावचा बाळंतपणाचा वॉर्ड बंद करायच्या आपल्याच पक्षाच्या ठरावाविरुद्ध मत द्यायला विधानसभेत ती आपल्या बाकावरून उठून समोरच्यांत जाऊन बसली होती. पक्षाने तिला हाकललं, पेपरांनी सोलून काढलं. आज ती अपक्ष उभी होती.

तिच्या पुढे नोरीन होती आणि आपलं सॉसेज आधीच घेऊन आलेली म्हातारी डॉट नोरीनशेजारी उभी राहून खात होती. मागे कोण आहे, याचा दोघींनाही पत्ता नव्हता.

"वाचलंस, नोरीन? 'हट्टी कार्टी' म्हणे!"

"आणि अर्धं पान तिच्या लाल बुटांवर."

"त्याच बुटांनी चालत गेली ना पलीकडे? मग झालं तर!"

"पण गद्दारीच ना गं ती, डॉट? तू तर जन्माची पक्षवाली."

"माझी सगळी पोरं त्याच वॉर्डात झाली. आता नातीने काय हायवेवर बाळंत व्हायचं?"

"म्हणजे तू आत... अगं, मतपत्रिकेवर पहिला नंबर कुणाला द्यायचा त्याचा पक्षाने दारात कागद दिला होता ना?"

"दिला की. गोड हसून घेतला."

"मग कुठाय?"

"हा काय, सॉसेजखाली! तेल किती गळतंय बघ."

नोरीनने पर्समधून आपला कागद काढला. त्याची घडीसुद्धा मोडलेली नव्हती.

"धर गं जरा. माझंही गळणारच आहे."

नोरीनला सॉसेज देऊन भट्टीवाल्याने टेगनला विचारलं, "कांदा?"

"घाला," टेगन टोपी काढत म्हणाली, "भरपूर घाला."