मिलच्या ब्लोअरवरची मोटार

इंजिनात हवा कोंबली की गाडी पळते, हे मला कुणी शिकवू नका. गोंदियात ते काम पहिल्यांदा मी केलंय.

माझा दोस्त भैयालाल राइस मिलवाला. त्याच्याकडे एक दोन सीटची स्पोर्ट्स कार होती, कुणी गोरा साहेब देश सोडताना विकून गेलेली. आमगावचे त्याचे सासरे तिला खेळणं म्हणायचे, आणि ते त्याला फार झोंबायचं.

"इंजिनात हवा कोंबणारा विलायती सुपरचार्जर लय महाग आहे, यार," तो म्हणाला.

"विलायती कायले पाहिजे? तुझ्या मिलचा कोंडा उडवायचा जुना ब्लोअर पडूनच आहे ना!"

ब्लोअर पट्ट्यानं इंजिनला जोडला आणि रबरी पाइपानं त्याची हवा कार्बुरेटरमध्ये सोडली. बॉनेट बसेना, म्हणून ते काढूनच टाकलं. मी शेजारी बसलो, आणि गाडी अशी सुटली की भैयालालनं आमगावपर्यंत टोपी दातात धरली.

सासरे रस्त्याकाठच्या खळ्यावर धानाचं सूप घेऊन वाऱ्याची वाट पाहत उभे होते. भैयालालनं ऐटीत गाडी त्यांच्या पुढ्यात नेली आणि दाबून रेस दिली. फाट्‌कन पाइप निसटला अन् ब्लोअरची सगळी हवा खळ्यावर!

भैयालाल इंजिन बंद करायला गेला, तर सासरे ओरडले, "बंद कायले करता? चालू राहू द्या!" त्यांनी सूप त्या वाऱ्यात धरलं. फोलपटं बांधापार उडाली, धान पायाशी पडलं. अख्खी रास उपणून होईपर्यंत आम्हाला हलू दिलं नाही.

मग गाडीभोवती एक चक्कर मारून म्हणाले, "मशीन मस्त हाये, जवाईबापू. पण हिले चाकं कायले लावले?"