आईच्या बियाण्याचा घेवडा

दीपा : पण मामाजी, दादा रविवारी मले बाळंतपणाले न्यायले येऊन राह्यला. त्याच्या आत घेवडा लावला नाई त मंग कोण लावन?

धर्मपाल : सूनबाई, तुझी उत्कंठा मला समजते. परंतु डिसेंबर अद्याप सरलेला नाही. गतवर्षी याच नाल्याकाठच्या तुकड्यात तुझा घेवडा दोन पानांवर आला आणि एका पहाटे दव गोठून संपूर्ण वाफा काळवंडला. विसरलीस काय?

दीपा : विसरन कशी? आईच्या हातचं अर्धं बी तवाच गेलं. पण शेजारच्या सलोनीचा त वाचला होता.

धर्मपाल : तिचे शेत उंच बरडावर आहे. थंड हवा पाण्याप्रमाणे उताराने येते आणि आपल्या खोलगटात साचते.

दीपा : मोबाईलवर त बारा डिग्री दाखवते.

धर्मपाल : ते यवतमाळ शहराचे तापमान. घेवडा शहरात पेरावयाचा असता, तर मी तत्काळ अनुमती दिली असती.

दीपा : मंग केव्हा म्हनता?

धर्मपाल : जानेवारी उतरणीस लागल्यावर. मी रोज सायंकाळी वाफ्याच्या कडेला धुऱ्यावर थाळीत पाणी ठेवीन. पहाटे त्यावर पांढरा पापुद्रा धरेनासा झाला, की पेरणी.

दीपा : आत्याबाई थाळी देतीन?

धर्मपाल : तुझ्या सासूबाईंना कळविण्याची आवश्यकता नाही.

दीपा : अन् निंदन कोण करन? तुम्ही माही मेथी गवत म्हनून उपटली होती.

धर्मपाल : त्या अवस्थेत मेथी व गवत यांत विलक्षण साम्य असते.

दीपा : हासू नका, मामाजी. आई गेली. दादापाशी एक दाना नाई. हे बी मेलं त तिचा घेवडा संपला.

धर्मपाल : म्हणूनच विनवितो. आज पेरू नकोस.

(दीपा वाटीतले बी बोटाने चाळवीत राहिली. सुनेने हे काम आपल्यावर सोपवावे, अशी धर्मपालांची मनीषा होती. परंतु ते मुखाने म्हणणे त्यांस साधेना.)

दीपा : दोन बोटं खोल लावजा. जास्त नाई.

धर्मपाल : दोन बोटे. माझी की तुझी?

दीपा : माही. तुमची लय जाड हायत.

धर्मपाल : थांब. ही तुराटीची काडी तुझ्या बोटांच्या मापाने मोडून घेतो.

दीपा : मोडा. अन् हे घ्या, वाटी तुमच्यापाशीच ठेवा.