फुल वायफाय आणि अडकलेले वसंतराव

मंडळी, जरा पुढं सरकून बसा. आजचा प्रश्न अगदी साधा आहे. भिंतीपलीकडचा माणूस आपल्यापासून किती लांब असतो? बघा, त्या काकांनी वीत दाखवली. बरोबर आहे, भिंत वीतभरच. काका, त्या वीतभर अंतरावरच्या माणसाशी शेवटचं कधी बोललात? ... हात खाली गेला बघा.

ऐका तर. फलटणला एका इमारतीत पहिल्या मजल्यावर दोन बिऱ्हाडं. एकात वसंतराव फडतरे, एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर. दुसऱ्यात शेंडे सर, चित्रकलेचे मास्तर, तेही निवृत्त. आणि खाली पिठाची गिरणी, दिवसभर घरघर, घरघर! दोघांचं सख्य असं, की भाजी एकाकडं शिजली तर वाटी दुसऱ्याकडं ठरलेली.

पुढं वसंतरावांनी घरी इंटरनेट घेतलं, आणि पासवर्ड सरांनाही दिला. आता मागच्या आजी विचारतायत, बुवा, इंटरनेट म्हणजे काय, वायफाय म्हणजे काय? आजी, लग्नाची पंगत डोळ्यांपुढं आणा. मांडवाबाहेर आचारी स्वयंपाक करतोय, ते इंटरनेट. तिथून मांडवात अन्न येण्याची वाट, ती केबल. मांडवात वाढणारा वाढपी, तो राऊटर. त्याचं पानापानापर्यंत फिरणं, ते वायफाय. आणि पासवर्ड? दाराशी उभा असतो ना मुलीचा मामा, ‘आपण कुठल्या बाजूचे?’ विचारत – तो पासवर्ड!

तर पंगत छान चालली होती. पण सर पडले चित्रकार. ते दिवसभर चित्रकलेचे व्हिडिओ बघायचे. एके दिवशी वसंतराव मॅच बघत होते. शेवटचं षटक, गोलंदाज धावत निघाला – आणि पडद्यावर गोल चक्र. फिरतंय, फिरतंय! वाट तेवढीच रुंद, आणि खाणारी तोंडं वाढलेली. चक्र थांबलं तेव्हा मॅच संपली होती. वसंतराव उठले आणि सरांना न सांगता पासवर्ड बदलला.

सरांनी दोन दिवस खटपट केली. तिसऱ्या दिवशी समजलं. मागितला नाही. भांडले नाहीत. स्वतःचं कनेक्शन घेतलं आणि बोलणं बंद केलं.

आता वायफायला एक नाव असतं बरं का. आपण ठेवू ते. आणि ते नाव भिंतीपलीकडच्याच्या मोबाइलमध्येही दिसतं. वसंतरावांनी नाव ठेवलं, ‘फुकट्यांना बंदी’. दुसऱ्या दिवशी सरांचं नाव झळकलं, ‘छोटं मन मोठा पासवर्ड’. मग वसंतराव, ‘चित्रकला नापास’. मग सर, ‘सुट्टे द्या कंडक्टर’. दोन वर्षं, मंडळी! तोंडातून शब्द नाही, आणि हवेतून रोज भांडण. रोज सकाळी चहाआधी सर मोबाइलमधली वायफायची यादी उघडायचे. आज काय म्हणतोय बघू.

एके दिवशी वसंतरावांच्या पत्नी, शालनताई, बहिणीकडं साताऱ्याला गेल्या. वसंतराव अंघोळीला गेले. मोबाइल बरोबर. का? तर नवं नाव सुचायला तिथं शांतता मिळते म्हणून. तुम्ही हसताय, पण तुमच्यातले किती जण नेतात ते मी विचारत नाही, देवाचं ठिकाण आहे.

अंघोळ झाली. कडी काढायला गेले, तर निघेना. पावसाळी हवेनं दार फुगलेलं, कडी जाम. ओरडले. खाली गिरणी घरघर, घरघर. कोण ऐकणार? फोन लावला. त्या इमारतीत मोबाइलची रेंज मुळात नाही, फोन लागायचे ते वायफायवरून. वायफायच्या रेघा तर फुल. पण फोन लागेना.

रस्त्यावर खोदकाम चाललं होतं, आणि केबल तुटली होती. समजलं का आजी? आचाऱ्याकडून येणारी वाट बंद. वाढपी मात्र मांडवात ऐटीत फिरतोय – रिकामं पातेलं घेऊन!

वसंतराव टॉवेलवर, पालथ्या बादलीवर बसले. शालन यायला दोन दिवस. अंगावरचं पाणी वाळलं. मग एकदम ध्यानात आलं. बाहेरची वाट तुटली, पण घरातला राऊटर तर चालू आहे. त्याचं नाव आत्ताही बदलता येईल. आणि ते नाव वाचणारा जगात एकच माणूस आहे.

लिहिलं, ‘सर बाथरूममध्ये अडकलो’.

पलीकडं सर पोहे खात होते. नेट का बंद म्हणून यादी उघडली, वाचलं आणि भडकले. “बघ कुमुद, काय लिहितोय. म्हणे सर बाथरूममध्ये अडकले. मी तर इथं पोहे खातोय.”

सरांच्या पत्नी कुमुदताईंनी चष्मा लावला. “अहो, ‘अडकले’ नाही. ‘अडकलो’ लिहिलंय. तुम्हाला हाक मारतायत ते.”

सरांचा घास हातातच राहिला. उठून त्यांनी आपल्या राऊटरचं नाव बदललं, ‘खरंच का’.

वसंतरावांना ते दिसलं. डोळ्यांत पाणी आलं त्या माणसाच्या. लिहिलं, ‘देवाशपथ’.

सर जाऊन बघून आले. नाव आलं, ‘बाहेरचं दार बंद’.

आता मात्र वसंतरावांचं बोट थांबलं. त्यांच्या घराची एक चावी सख्य असताना सरांकडं ठेवलेली होती. भांडणानंतर परत मागितली नव्हती. मागायची तर बोलावं लागलं असतं ना. दोन वर्षांत सरांनी ती फेकली असेल, तर? आणि आपण त्यांना काय काय नावं ठेवली. कुठल्या तोंडानं विचारायचं? शेवटी लिहिलं, ‘जुनी चावी आहे का’.

राऊटर बंद होऊन चालू व्हायला वेळ लागतो, मंडळी. तेवढ्यात त्यांनी सगळे देव आठवले. मग यादीत नाव उगवलं. एकच शब्द. ‘आहे’.

सरांच्या देवघराशेजारच्या खिळ्यावर होती ती. रोज पुसून ठेवलेली.

दार उघडलं. सर बाथरूमशी आले. दोन वर्षांनी पहिला शब्द कोण बोलणार?

“सर,” आतून आवाज आला, “पासवर्ड बदलला, ते माझं चुकलं.”

“चूक नंतर,” सर म्हणाले. “तुम्ही दार वर उचलून धरा, मी बाहेरून दाबतो. मग कडी ओढा. आणि वसंतराव, दार उघडायच्या आधी टॉवेल नीट गुंडाळा.”

एकानं आतून उचललं, दुसऱ्यानं बाहेरून दाबलं, आणि कडी निघाली.

दोन दिवसांनी शालनताई आल्या. केबल जोडून झाली होती. घरात पाऊल टाकून त्यांनी मोबाइल उघडला, तर वायफायच्या यादीत दोन नावं, एकाखाली एक. ‘जुनी चावी आहे का’. ‘आहे’. त्यांना काही कळेना. नवऱ्याला विचारायला गेल्या, तर नवरा घरात नव्हता. शेंड्यांकडं पोहे खात बसला होता.

तर मंडळी, आता माझं तुमच्याकडं मागणं. आपण सगळे हल्ली जोडलेले. रेघा फुल! पण त्यातून काही पोचतंय का कुणापर्यंत, की आपणही रिकामं पातेलं फिरवतोय? तुमचीही एखादी चावी कुणाच्या तरी खिळ्यावर असेल. कुणाची तुमच्या खिळ्यावर असेल. जाताना त्या दाराची कडी वाजवा. काय बोलायचं ते सुचलं नाही, तर भाजी काय केलीय, एवढंच विचारा.

टाळकरी, टाळ उचला. आणि काका, तुम्ही अजून इथंच? निघा की, वीतभर तर अंतर आहे. बोला, विठ्ठल विठ्ठल!