चवळीखाऊ

(ऑक्टोबर १९४४. फ्रान्सच्या पूर्वेकडल्या डोंगरातलं एक कोठार. बाहेर पाऊस. सार्जंट झुमाना त्राओरे आणि शिपाई फातोगोमा दियारा, दोघेही फ्रान्सच्या सैन्यातले आफ्रिकी. त्राओरे आणि दियारा या कुळांत एकमेकांना गुलाम, चवळीखाऊ म्हणून चिडवायची पिढीजात रीत; त्यावर कुणी रागवत नाही.)

झुमाना : बूट दिलेस, बंदूक दिलीस, हेल्मेट दिलंस. आता कोटावरच कसा अडलास रे, चवळीखाऊ?

फातोगोमा : कोट नाही देणार.

झुमाना : अरे, तू दियारा, मी त्राओरे. तुझे आजेपणजे आमच्या घरचे गुलाम. गुलामानं नाही म्हणायचं नसतं.

फातोगोमा : आणि तुझे पणजे आमच्या उकिरड्यावर चवळीची टरफलं वेचायचे. हसवू नको दादा. आज हसायला येत नाही.

झुमाना : बरं, नाही हसवत. चारला ट्रक निघतात. आपली अख्खी पलटण दक्षिणेला चालली. इथली थंडी काळ्यांना सोसत नाही, असं कॅप्टनसाहेबांनी वाचून दाखवलं.

फातोगोमा : थंडी सोसत नाही, म्हणून अंगातला कोट काढून घेतात! वा रे माया!

झुमाना : नव्या भरतीच्या पोरांना कपडे पुरत नाहीत, म्हणून.

फातोगोमा : गोऱ्या पोरांना. खरं बोल की. तूलों बंदर आपण जर्मनांकडून जिंकून घेतलं, तेव्हा ही पोरं कुठं होती? आता जर्मनीत शिरायची वेळ आली, फोटो निघायची वेळ आली, तेव्हा यांना आपली थंडी आठवली. ऑगस्टात ऊन सोसतं का, कुणी विचारलं होतं?

झुमाना : हळू बोल. मला काय राग येत नाही? माझी बंदूक सकाळीच गेली. पोरासारखी जपली होती. ज्याला दिली त्याला ती उघडताही येईना. मीच बसून शिकवलं.

फातोगोमा : बंदूक सरकारची. हा कोट शियाकाचा आहे.

झुमाना : ठाऊक आहे.

फातोगोमा : ठाऊक आहे तर मागतोस कसा? कबर मी खणली. तू पाय धरलेस, मी खांदे. तूच म्हणालास, कोट काढून घे, मातीला काय करायचाय. हे भोक बघ. इथून गोळी गेली. घरी गेल्यावर आई विचारेल, भावाचं काय आणलंस? काय दाखवू तिला?

रेमों (नवा भरती झालेला गोरा शिपाई, दारातून) : ए सार्जंट, मला इथं पाठवलंय. माझा कोट कुठला?

फातोगोमा : सार्जंटला 'ए' म्हणतंय, कालचं पोर.

रेमों : हाच का? याला भोक आहे. दुसरा नाही?

झुमाना : नाही. बाहेर थांब, आणून देतो.

रेमों : लवकर हं. लेफ्टनंट म्हणाले, पाच मिनिटांत दिला नाही तर लष्करी पोलीस पाठवतो.

झुमाना : ऐकलंस? लढाई चालू असताना हुकूम मोडला तर तुरुंग. कदाचित गोळी घालायला भिंतीशी उभं करतील. तुझ्या आईचा एक गेलाय, फातोगोमा.

फातोगोमा : करू देत उभं.

झुमाना : मग ऐक. मी त्राओरे म्हणून मागतो. कोट दे.

फातोगोमा : दादा, असं करू नको.

झुमाना : त्राओरेनं नाव घेऊन मागितलं तर दियारा नाही म्हणत नाही. बापजाद्यांचा शब्द आहे.

फातोगोमा : तो शब्द भांडण मिटवायला असतो. घर मोडत असेल तर, रक्त सांडत असेल तर. गोऱ्यांचं सामान गोळा करायला नसतो.

झुमाना : रक्त सांडू नये म्हणूनच मागतोय.

फातोगोमा : मग घे.

झुमाना : थांब, बटणं मी काढतो. तुला निघेनात.

फातोगोमा : थंडी आहे. काळ्यांना सोसत नाही.

झुमाना : भोकाजवळचं थोडं कापड कापून देऊ? आईसाठी?

फातोगोमा : राहू दे. भोक मोठं होईल. त्या पोराला वारा लागेल.

झुमाना : अरे, शिवी दे ना मला. सणसणीत दे. आपल्यात राग धरायची रीत नाही. नुसतं चवळीखाऊ म्हण. एवढं तरी म्हण.

फातोगोमा : कुठल्या ट्रकात बसू, सार्जंटसाहेब?